गेमिंग, डिझाईन आणि व्हिडिओ एडिटिंग : नवीन डेस्कटॉपला प्लॅटफॉर्म कुठला घ्यावा?

निळीशाई
नमस्कार मंडळी. माझा डेस्कटॉप २०१७ चा आहे, आय७ ७७००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० चं ६ जीबी कार्ड. इतकी वर्षं मशीनने कधी कुरकुर केली नाही, पण गेल्या वर्षी कॅमेरा बदलला आणि तेव्हापासून एडिटिंग म्हणजे नुसता छळ झालाय. टाइमलाइनवर प्ले दाबलं की पहिले दोन सेकंद बरे जातात, मग चित्र थिजतं आणि आवाज एकटाच पुढे पळतो, कट नेमका कुठे मारायचा तेच कळत नाही. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या ७७०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणजे आता बदलायला पर्याय नाही.

काम असं : दिवसभर इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप (पोट त्यावर आहे), आठवड्यातून दोन-तीन दिवस प्रीमिअर आणि थोडंसं आफ्टर इफेक्ट्स, रात्री तासभर गेम, मॉनिटर १४४०पी. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायला घेतलंय. मनात तीन पर्याय आहेत, एएमडीचा रायझन एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा), इंटेल कोअर अल्ट्रा, नाहीतर सरळ मॅक. प्रत्येक तुलनेत वेगळाच जिंकतो, तक्ते बघून बघून डोकं बधिर झालंय. एकदा घेतलं की पाच-सहा वर्षं तेच वापरणार, म्हणून घाई करायची नाहीये. ज्यांनी हे तिन्ही प्रकारचं काम एकाच मशीनवर केलंय त्यांनी सांगा प्लीज.

रात्रीचा_खेळाडू
डोळे झाकून रायझन ९८००एक्स३डी घ्या. गेमिंगला एकदम भारी. आठ कोअर आणि त्याच्या खाली रचलेली जास्तीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी), एकूण ९६ एमबी, गेमचा डेटा तिथेच सापडतो म्हणून रॅमपर्यंत हेलपाटे कमी होतात. जुन्या ७८००एक्स३डी मध्ये कॅश कोअरच्या वर बसवली होती त्यामुळे उष्णता अडकायची, आता ती खाली गेलीये त्यामुळे क्लॉकही जास्त मिळतो. बाकी कामं पण व्यवस्थित होतात.

फ्रेमदरफ्रेम
थांबा जरा. गेम रात्री तासभर आणि एडिटिंग आठवड्यात दोन-तीन दिवस असं लिहिलंय त्यांनी, मग प्रोसेसर गेमवरून कशाला ठरवायचा?

निळीशाई, आधी एक सांगा, कॅमेरा कुठला ते नको, फाईल कुठली येते ते सांगा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एक क्लिप टाका आणि तीन ओळी वाचून इथे लिहा : फॉरमॅट (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंग किती साठवलाय), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई). त्यानंतर दुसरं काम. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (ग्राफिक कार्ड) वर या, तिथे चार छोटे आलेख दिसतात त्यातला एक व्हिडिओ डिकोड (व्हिडिओ उलगडणं) आहे. ती खिडकी बाजूला ठेवून प्रीमिअरमध्ये क्लिप चालवा आणि तो आलेख हलतो का बघा. मग मोबाईलवर काढलेली एखादी क्लिप टाकून तेच करा.

हे केल्याशिवाय प्लॅटफॉर्मची चर्चा म्हणजे अंधारात गोळ्या मारणं आहे.

निळीशाई
केलं. फॉरमॅट एचईव्हीसी, क्रोमा ४:२:२, बिट डेप्थ १०, ३८४० बाय २१६०, बिटरेट साधारण २०० एमबीपीएस.

आणि टास्क मॅनेजरचं बघून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. कॅमेऱ्याची क्लिप चालवली तर सीपीयू १०० टक्के, आठही थ्रेड छताला टेकलेले, आणि व्हिडिओ डिकोड शून्य. सरळ आडवी रेघ. मोबाईलची ४के क्लिप टाकली तर लगेच तो आलेख वर आला, सीपीयू खाली आला आणि क्लिप लोण्यासारखी चालली. म्हणजे माझं कार्ड काम करतंय पण कॅमेऱ्याच्या फाईलला हातच लावत नाहीये? का?

फ्रेमदरफ्रेम
हेच बघायचं होतं.

आता नीट सांगतो, थोडं लांबेल. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलचा उजेड साठवतो पण रंग सगळ्या पिक्सेलचा साठवत नाही, जागा वाचवायला. ४:२:० मध्ये रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभीही निम्मी असते, म्हणजे चार पिक्सेलला मिळून एक रंग. ४:२:२ मध्ये फक्त आडवी निम्मी, म्हणजे दोन पिक्सेलला एक. ग्रेडिंग (रंग जुळवणं) करताना, हिरवा पडदा काढताना ४:२:२ चा फरक कडांवर दिसतो म्हणून कॅमेरे ते देतात. पण ग्राफिक कार्डात व्हिडिओ उलगडायला जो वेगळा छोटा भाग असतो तो ठराविक प्रकारच्याच फाईली उलगडतो. तुमचं १०६० कार्ड १० बिट एचईव्हीसी उलगडतं पण ४:२:० असेल तरच. ४:२:२ आलं की ते काम सीपीयूच्या गळ्यात. आणि एचईव्हीसीत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक साठवलेला असतो, त्यामुळे तुम्ही टाइमलाइनवर मागे सरकलात की त्याला अख्खा गट पहिल्यापासून उलगडावा लागतो. चार कोअरवर ते झेपणारच नाही.

आणि हे फक्त जुन्या कार्डांचं नाही हं. एनव्हिडियाच्या ३० आणि ४० सिरीजला पण ४:२:२ उलगडता येत नाही, अगदी ४०९० असलं तरी. हे जमतं कोणाला ते बघा :

इंटेलचा आतला ग्राफिक्स, म्हणजे क्विक सिंक, ११ व्या पिढीपासून एचईव्हीसी ४:२:२ १० बिट हार्डवेअरवर उलगडतो. फक्त नावापुढे एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात आतला ग्राफिक्स नसतो. ॲपलच्या एम सिरीजमध्ये पहिल्या एम१ पासून आहे. आणि एनव्हिडियाने २०२५ च्या जानेवारीत आणलेल्या ५० सिरीजमध्ये हे पहिल्यांदा आलं, उलगडणं पण आणि एक्सपोर्टला बांधणं पण.

म्हणजे तुमचा प्रश्न रायझन का इंटेल हा नाहीच. प्रश्न असा आहे की तुमच्या मशीनमध्ये ४:२:२ उलगडणारा कोण असणार. तो एकदा ठरला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

सांजवारा
+१. मी रायझनवर आहे आणि माझं कार्ड ३० सिरीजचं, मी दुसऱ्या स्लॉटमध्ये इंटेलचं छोटं आर्क ए३८० कार्ड टाकलंय फक्त डिकोडसाठी. गेम मोठ्या कार्डावर, क्लिपा छोट्या कार्डावर. दिसायला विचित्र पण दोन वर्षं बिनतक्रार चाललंय. अर्थात नवीन मशीन घेताना हा उद्योग करायची गरज नाही.

पेन्सिल
मॅकच्या बाजूने मी बोलते, कारण मी डिझाईनर आहे आणि २०२४ चा एम४ वाला मॅक मिनी वापरते, त्याआधी कायम विंडोज.

चांगलं आधी. आवाज येत नाही, खरंच येत नाही, रात्री काम करताना पंखा ऐकू येत नाही ह्याची इतकी सवय झालीये की दुसऱ्याच्या मशीनसमोर बसलं की त्रास होतो. ४:२:२ क्लिपा तर पाणी पिल्यासारख्या चालतात. फाँट, रंग, पीडीएफ ह्या गोष्टींत डोकं खुपसावं लागत नाही. प्रोरेस (ॲपलचा एडिटिंगचा व्हिडिओ फॉरमॅट) साठी आत वेगळं हार्डवेअर आहे. फायनल कट वापरायचं असेल तर ते विंडोजवर नाहीच.

आता वाईट. रॅम चिपमध्येच, जी घ्याल ती शेवटपर्यंत. मी १६ जीबी घेतलं आणि इलस्ट्रेटर, फोटोशॉप, ब्राउझर एकत्र उघडले की आता कमी पडतं, आणि त्यावर उपाय नाही, नवीन मशीन हाच उपाय. आतली २५६ जीबी तर कॅशनेच भरून जाते, थंडरबोल्टवर बाहेरची एसएसडी लावून काम करतेय. आणि गेम... ताई, तुम्ही रोज खेळता ना? ॲपलच्या चिपवर बूट कॅम्प नाही, म्हणजे विंडोज टाकून खेळायचा रस्ता बंद. काही मोठे गेम मॅकवर आलेत पण तुम्हाला हवा तोच येईल ह्याची खात्री कोण देणार. माझा भाऊ खेळायला बसला आणि पाच मिनिटांत उठून गेला.

रोज गेम खेळणाऱ्या माणसाला मी एकुलतं एक मशीन म्हणून मॅक सांगणार नाही.

निळीशाई
पेन्सिल, इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मॅक यादीतून काढते. गेम हा माझा दिवसातला एकमेव स्वतःचा तास आहे, तो सोडायचा नाही.

तिसरीघंटा
लिनक्सचं कोणी बोललं नाही म्हणून. गेमच्या बाबतीत २०१८ ला व्हॉल्व्हने प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणल्यापासून चित्र पार बदललंय, मी स्वतः लिनक्सवरच खेळतो. पण ज्या ऑनलाईन गेममध्ये कर्नलपर्यंत, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत घुसणारं अँटीचीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) आहे, व्हॅलोरंट वगैरे, ते चालत नाहीत. आणि इलस्ट्रेटर, फोटोशॉप, प्रीमिअर लिनक्सला नाहीतच. पोट त्यावर असेल तर विषय तिथेच संपतो. ब्लेंडर आणि क्रितावर जगणारा माणूस असता तर नक्की म्हटलं असतं.

जुनाखिळा
मग राहिलं एएमडीचं एएम५ आणि इंटेलचं एलजीए १८५१. ह्यात मी सॉकेटचं बोलणार, कारण पाच-सहा वर्षं म्हटलंय.

मी २०१७ ला एएम४ घेतलं, रायझन ५ १६००, बी३५० चा साधासा बोर्ड. २०२२ ला त्याच बोर्डवर बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५८००एक्स३डी बसवला. रॅम तीच, बोर्ड तोच, कॅबिनेट तेच, विंडोज पण पुन्हा टाकलं नाही. स्क्रू चार काढले, जुना काढला, पेस्ट पुसली, नवा ठेवला. एका संध्याकाळचं काम. सहा कोअरच्या जागी आठ, आणि प्रत्येक कोअर जवळपास वेगळ्याच जमान्यातला.

इंटेलचं सॉकेट दोन-तीन पिढ्या चालतं. ११वी पिढी संपली आणि १२व्या पिढीला एलजीए १७०० आलं, त्यावर १२, १३, १४ झाल्या, मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कोअर अल्ट्रा २०० आलं ते १८५१ वर. तुमच्या ७७०० ची गोष्ट पण तीच, ८व्या पिढीलाही पिना ११५१ च होत्या पण तुमच्या वेळच्या बोर्डवर ती अधिकृतपणे चालत नाही. एएम५ सप्टेंबर २०२२ चं, त्यावर ७००० आणि ९००० दोन्ही झाल्या आणि एएमडीने २०२७ आणि पुढे सपोर्ट जाहीर केलाय.

प्लॅटफॉर्म म्हणजे नुसता प्रोसेसर नव्हे, तिसऱ्या वर्षी काय बदलता येईल ते पण त्यातच आलं.

थर्मलपेस्ट
जुनाखिळा दादांशी सहमत पण इंटेलची बाजू कोणीतरी मांडायला हवी. कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये २० कोअर आहेत, ८ मोठे १२ छोटे, एक्सपोर्ट आणि ब्लेंडरच्या सीपीयू रेंडरला ते उपयोगी पडतात, वर क्विक सिंक आतच आहे त्यामुळे कार्ड कुठलंही चालेल. ज्यांचं एडिटिंग जास्त आणि गेम कमी त्यांना मी आजही हेच सांगतो. गेममध्ये एक्स३डी च्या मागे पडतो हे खरं, पण १४४०पी आणि वरच्या सेटिंगवर बहुतेक गेम कार्डावर अडतात, प्रोसेसरचा फरक तेवढा उरत नाही.

१३ आणि १४ व्या पिढीच्या अस्थिरतेचं पण विचारतील कोणी म्हणून लिहितो, तो व्होल्टेजचा प्रश्न होता, इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०x१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, सप्टेंबरमध्ये ०x१२बी, आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कोअर अल्ट्रा २०० ला तो प्रश्न नाही. सेकंडहँड १३वी-१४वी घेणाऱ्याने मात्र बायोस पहिला अपडेट करावा, विंडोज नंतर.

निळीशाई
म्हणजे दोन रस्ते झाले. (अ) २६५के आणि कुठलंही बरं कार्ड, डिकोड क्विक सिंककडे. (ब) एएम५ आणि ५० सिरीजचं कार्ड, डिकोड कार्डाकडे. बरोबर ना?

ब्लेंडर शिकायचंय म्हणून कार्ड तसंही एनव्हिडियाचंच घेणार होते, ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररला एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करायची सोय) चालतं म्हणून. मग डिकोड फुकटच मिळतं की त्यात. मला (ब) पटतंय. प्रोसेसर कुठला, ९८००एक्स३डी का ९९००एक्स? आणि रॅम ३२ पुरेल का?

फ्रेमदरफ्रेम
रॅमचा हिशेब कागदावर करा, आफ्टर इफेक्ट्सचं उत्तर तिथेच मिळतं. ४के फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल. प्रत्येकाला चार चॅनेल. ८ बिटमध्ये एक फ्रेम ३३ एमबी, १६ बिटमध्ये ६६ आणि ३२ बिटमध्ये १३३ एमबी. प्रिव्ह्यू म्हणजे ह्या फ्रेमा न दाबता रॅममध्ये ठेवणं. २५ च्या गतीने दहा सेकंद म्हणजे २५० फ्रेमा, १६ बिटमध्ये झाले साडेसोळा जीबी. दहा सेकंदांचे! त्यात प्रीमिअर उघडं, फोटोशॉप उघडं, ब्राउझर तर असतोच. ३२ वर चालेल पण सतत हाफ रिझोल्यूशनला जगावं लागेल. ६४ घ्या.

आणि ६४ म्हणजे ३२ च्या दोन पट्ट्या. १६ च्या चार नको आणि आत्ता दोन घेऊन नंतर दोन वाढवू हे पण नको. डीडीआर५ ला चार पट्ट्या लावल्या की मेमरी कंट्रोलर दमतो, रायझन ७००० ला चार पट्ट्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० आहे, दोन लावल्या तर ५२००. लोक चारवर ६००० चालवतात सुद्धा, पण मग महिन्यातून एकदा एक्सपोर्टच्या मध्ये मशीन पडतं आणि कारण सापडत नाही. एएम५ ला ६००० आणि सीएल ३० (सीएल म्हणजे मेमरीला लागणारा उशीर) चा एक्स्पो (जाहीर वेगाची तयार सेटिंग) किट, विषय संपला.

रात्रीचा_खेळाडू
प्रोसेसरवर मी माझं आधीचं मागे घेतो. फाईलचं आणि वेळेचं गणित बघितल्यावर ९९००एक्स योग्य वाटतो, १२ कोअर. १४४०पी ला गेममध्ये तुम्हाला कमी वाटणार नाही. दोन्ही हवं असेल तर ९९५०एक्स३डी आहे, १६ कोअर, पण त्यात जास्तीची कॅश अर्ध्याच कोअरकडे असते, गेम सुरू झाला की विंडोजने त्या बाजूला काम वळवायचं असतं, त्यासाठी चिपसेट ड्रायव्हर आणि गेम बार नीट असावे लागतात. स्पर्धात्मक गेम खेळणारा नसाल तर त्या वाटेला जाऊ नका, ते पैसे कार्डात घाला.

सांजवारा
कार्ड १६ जीबीचंच बघा, ५०७० टीआय किंवा बजेट कमी पडलं तर ५०६० टीआय, आणि ते घेताना डबा दोनदा वाचा कारण ५०६० टीआय ८ आणि १६ दोन्हीत येतं. नाव तेच. ८ वर ४के टाइमलाइनला दोन इफेक्ट आणि नॉईज रिडक्शन लावलं की मेमरी संपते, ब्लेंडरचा सीन मावला नाही तर वेग कोसळतो.

एसएसडीच्या बाबतीत उलटं सांगेन, कमी खर्च करा. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम केलंत तरी ७५. साधी साटा एसएसडी सुद्धा ५०० च्या वर देते. पीसीआय ५ ची एसएसडी ह्या कामाला वेगळं काहीच देणार नाही. त्यापेक्षा दोन वेगळ्या साध्या एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणाऱ्या) एसएसडी घ्या, एक विंडोज आणि सॉफ्टवेअरला, एक चालू प्रोजेक्ट आणि कॅशला. संपलेली कामं मोठ्या हार्ड डिस्कवर, आणि तिची अजून एक प्रत दुसरीकडे. तासाला ९० जीबी भरतात हे लक्षात ठेवून साईज ठरवा.

जुनाखिळा
बोर्ड घेताना मॅन्युअल आधी डाउनलोड करून वाचा. खरंच वाचा. कुठला एम.२ (एनव्हीएमई बसायची खाच) वापरला की कुठला बंद पडतो किंवा कार्डाच्या १६ लेनच्या (डेटाच्या वाटांच्या) ८ होतात ते तिथे एका तक्त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एक्स८७० चिपसेटच्या बोर्डवर यूएसबी ४ सक्तीचं आहे आणि काही बोर्डांत ते आणि दुसरा एम.२ त्याच चार लेन वाटून घेतात. तुम्हाला यूएसबी ४ लागत नसेल तर चांगला बी८५० बास. बिना प्रोसेसरचं बायोस अपडेट करायचं बटण मागच्या बाजूला असलेला घ्या.

आणि पॉवर सप्लायवर वाचवू नका. माझा एक अनुभव. मशीन फक्त एक्सपोर्टच्या वेळी रीस्टार्ट व्हायचं, गेमला नाही, ब्राउझिंगला नाही. तीन आठवडे रॅम तपासली, विंडोज दोनदा टाकलं, कार्ड परत पाठवायला निघालो होतो. शेवटी मित्राचा सप्लाय लावला आणि त्याच क्षणी थांबलं. सीपीयू आणि कार्ड एकदम पूर्ण भारावर गेले की जुना सप्लाय मान टाकायचा. ५०७० टीआय ३०० वॅटचं कार्ड आहे, एनव्हिडिया ७५० वॅट सांगते, तुम्ही ८५० घ्या, एटीएक्स ३.१ वाला, म्हणजे कार्डाची केबल सरळ सप्लायमधूनच येईल, मध्ये अडॅप्टर नको. आणि ती केबल शेवटपर्यंत दाबून बसवा, फट दिसता कामा नये.

निळीशाई
मंडळी, मशीन जुळवून झालं! यादी : ९९००एक्स, बी८५० बोर्ड, ३२ च्या दोन पट्ट्या ६००० सीएल ३०, ५०७० टीआय, एनव्हीएमई दोन, ८५० वॅट.

पण आत्ता घाबरलेय. पॉवर बटण दाबलं, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. बोर्डवर एक पिवळा दिवा लागलाय, शेजारी डीरॅम लिहिलंय. बंद करून पुन्हा दाबलं, तेच. पट्टी काढून बघू का?

थर्मलपेस्ट
काढू नका! बंद पण करू नका. एएम५ पहिल्यांदा चालू होताना रॅमचं ट्रेनिंग करतं, म्हणजे प्रत्येक पट्टीशी कुठल्या टायमिंगवर नीट बोलता येतंय ते तपासत बसतं. ६४ जीबीला काही मिनिटं सहज जातात, आणि तुम्ही मध्येच बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून. चालू करा, पंधरा मिनिटं हात लावू नका.

निळीशाई
आलं! सहा-सात मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट झालं आणि बायोसची स्क्रीन दिसली. थर्मलपेस्ट, तुमचे खूप खूप आभार, मी खरंच पट्टी काढायला स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून हात घातला होता.

फ्रेमदरफ्रेम
विंडोज टाकून झालं की टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग काय दिसतो ते बघा.

निळीशाई
४८००. किट तर ६००० चा आहे?

फ्रेमदरफ्रेम
बायोसमध्ये एक्स्पो चालू करायचं राहिलंय. चालू केलं की पुन्हा थोडा वेळ काळी स्क्रीन येईल, ह्यावेळी घाबरू नका. त्यानंतर मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा, एकही एरर आला तर पट्ट्या बदलून घ्या, आत्ताच, नंतर नाही. मग प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेस, मीडिया, तिथे हार्डवेअर डिकोडिंगची खूण आहे का बघून तीच क्लिप चालवा.

निळीशाई
रात्रभर मेमटेस्ट, एरर शून्य. मेमरी आता ६००० दाखवतेय.

आणि तीच क्लिप, तीच टास्क मॅनेजरची खिडकी. व्हिडिओ डिकोडचा आलेख उठला. सीपीयू दहा-बाराच्या आसपास. मग तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं जे मी चार महिने अर्धं सोडून दिलं होतं, तिन्ही खिडक्या एकदम चालल्या आणि मी मागे-पुढे ओढत राहिले, जिथे बोट थांबतं तिथे फ्रेम थांबते. बोलणाऱ्याच्या ओठांवर कट मारता येतोय. एवढंच हवं होतं मला.

प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या नकला) बनवून पण काम झालं असतं ना जुन्या मशीनवर?

फ्रेमदरफ्रेम
झालं असतं, आणि ज्यांना मशीन घेणं शक्य नाही त्यांनी तेच करावं, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी बनवायचं, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते म्हणून जुन्या सीपीयूवर पण धावतं. फक्त बनवायला वेळ जातो आणि डिस्क भरते.

कोराकागद
धागा पूर्ण वाचला, माझी पण गरज तशीच आहे, गेम, थोडं डिझाईन आणि व्हिडिओ, पण माझं सगळं फुटेज मोबाईलचं. मीडियाइन्फोत एचईव्हीसी, ४:२:०, ८ बिट आलं आणि फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल लिहिलंय. मला पण ५० सिरीजच लागेल का?

सांजवारा
नाही लागणार. ४:२:० तर गेल्या कित्येक वर्षांतलं कुठलंही कार्ड उलगडतं, एनव्हिडिया, एएमडी, इंटेल कोणाचंही. तुम्ही गेम बघून कार्ड ठरवा आणि वाचलेले पैसे मॉनिटरला द्या, आयपीएस पॅनेल आणि एसआरजीबी मोड असलेला. वाइड गॅमट (जास्त रंग दाखवणाऱ्या) मॉनिटरवर तो मोड लावला नाही तर लाल रंग भडक दिसतो, तुम्ही तो कमी करता आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर तुमचं डिझाईन फिकं दिसतं.

तुमचा खरा त्रास तो व्हेरिएबल फ्रेम रेट, म्हणजे फ्रेमांची गती मध्येच बदलत राहणं. लांब क्लिपमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू सुटत जातात. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट निवडून क्लिप बदलून घ्या, मग एडिटला टाका.

कोराकागद
अरे हो, वीस मिनिटांच्या मुलाखतीत शेवटी ओठ पुढे जात होते आणि मी माईकला दोष देत होतो. आज रात्रीच करून बघतो.